मालवण बंदरावरचं वायरलेस दुरुस्तीचं दुकान आणि हातात मावणारा आमचा टीव्ही गेम

मालवणच्या बाजारपेठेतून बंदर जेटीकडे जाताना ट्रॉलरचे वायरलेस, जीपीएस आणि फिशफाइंडर दुरुस्त करणारं एक दुकान लागतं. नव्वदच्या दशकात घराघरांत टीव्हीला जोडला जायचा तो कॅसेटवाला गेम जर कोणाला बॅटरीवर चालणारा, हातात धरून खेळता येणारा करून घ्यायचा असेल, तर त्याला मी डोळे मिटून याच दुकानात पाठवेन. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण ते चालवणाऱ्या काकांनीच नको म्हटलंय. होड्यांचं कामच त्यांना पुरून उरतं. बंदरावर 'वायरलेसवाले' म्हणून विचारा, कोणीही दाखवील.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान चालवते. सोल्डरिंग मला चांगलं येतं, मल्टिमीटर घरात आहे, सर्किट वाचता येतं. तरीही हे काम मी बाहेर दिलं, ते विचार करून दिलं. टेबलावर चालणारी वस्तू बनवणं एक, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात चार पावसाळे टिकणारी वस्तू बनवणं वेगळं. आमच्याकडे रेडिओच्या आतले पत्रे गंजतात, रिमोटच्या स्प्रिंगा हिरव्या पडतात, पंख्याचे रेग्युलेटर जातात. इथे इलेक्ट्रॉनिक्स टिकवायचं कसं, हे ज्याचं रोजचं पोट त्यावर आहे तोच जाणतो. ट्रॉलरच्या केबिनमधला सेट खाऱ्या फवाऱ्यात महिनोन्महिने चालू ठेवणाऱ्या माणसाला आमच्या पडवीतलं दमट काहीच वाटत नाही.

गेम दादाचा. दादा मर्चंट नेव्हीत आहे, सुट्टीवर आला की त्याला तोच टँकचा गेम लागतो. खाली विटांच्या कोंडाळ्यात गरुड असतो, आपण दोघांनी दोन टँक घेऊन तो वाचवायचा. नामको कंपनीने १९८५ साली काढलेला 'बॅटल सिटी' तो हाच. लहानपणी हा गेम आम्ही दोघांनी मिळून खेळलोय आणि मला तो आजही मनापासून आवडतो. पण घरात नवा टीव्ही आला, त्याला पिवळ्या-पांढऱ्या पिनांची जागाच नाही. शिवाय वीज. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा तालुक्यात कितीतरी दिवस वीज नव्हती, आणि त्या अंधारात बसून दादा म्हणाला होता की हा गेम बॅटरीवर चालायला पाहिजे. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात होतं.

बाजारात चारशे गेमवाले तयार हँडहेल्ड मिळतात, स्वस्तही असतात. मी ते घेतले नाहीत याचं कारण साधं आहे. त्यात आपली कॅसेट बसत नाही. आमच्याकडे दादाच्या कॅसेटी आहेत, त्यांवर त्याने शाईने लिहिलेली नावं आहेत, आणि खेळायचं ते त्याच मशीनवर आणि त्याच कॅसेटवर खेळायचं होतं. कॅसेट आत ढकलताना जो 'खट्' आवाज येतो तो मला हवा होता.

ही कल्पना काही नवी नाही. बेन हेकेनडॉर्न नावाच्या अमेरिकन माणसाने २००० साली १९७७चं अटारी २६०० हे टीव्ही गेमचं यंत्र कापून हातात धरता येईल असं केलं, आणि तेव्हापासून जगभर लोक हे करत आलेत. निन्टेंडो ६४, प्लेस्टेशन, अगदी निन्टेंडोच्या 'वी' या यंत्राचा मदरबोर्डसुद्धा करवतीने कापून लहान करतात. त्यात एक रेघ चुकली तर बोर्ड गेला. आपल्या टीव्ही गेमचं तसं नाही. जपानमध्ये जुलै १९८३मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम यंत्राची ही नक्कल. मूळ यंत्रात प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप वेगवेगळ्या होत्या. नंतरच्या नकलांमध्ये सगळं एकाच चिपमध्ये कोंबलं आणि वर काळ्या इपॉक्सीचा ठिपका ओतला. आमचा उघडला तेव्हा त्या ऐसपैस डब्यात निम्म्याहून जास्त जागा रिकामीच होती. टीव्हीच्या अँटेनात सिग्नल सोडणारी पत्र्याची डबीही आता नको होती, ती काढल्यावर उरला तळहाताएवढा बोर्ड आणि ६० पिनांचा कॅसेटचा स्लॉट. म्हणजे कापाकापी नाहीच. सगळं काम विजेचं आणि पेटीचं.

आणि विजेच्या कामातच या दुकानाची खरी परीक्षा होती. मी टेबलावर बोर्ड ठेवला, कॅसेट ठेवली. काकांनी दोन्ही उलटसुलट करून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गो बाय, आधी माका सांग, चार्जिंगक लावन खेळूचा आसा काय?"

हा प्रश्न ऐकून मी खूश झाले, कारण बरीच घरगुती पोर्टेबल इथेच बिघडतात. एका १८६५० मापाच्या लिथियम सेलला चार्ज करायला जो टीपी४०५६चा छोटा बोर्ड सगळे वापरतात, तो सेल ४.२ व्होल्टला पोचला आणि करंट ठरवलेल्या करंटच्या एक दशांशावर आला की चार्जिंग थांबवतो. त्याच वेळी गेमही त्याच तारांवरून करंट ओढत असेल तर चार्जरला वाटतं सेलच अजून पितोय. तो थांबतच नाही, आणि सेल भरल्यावरही ताणाखाली राहतो. काकांनी एक सरकता स्विच बसवला. एका बाजूला चार्जिंग, दुसऱ्या बाजूला खेळ, दोन्ही एकदम कधीच नाही. सोपा, स्वस्त आणि माझ्या मते बरोबर उपाय. दादाला चार्जिंग करताना खेळता येत नाही याची चुटपुट आहे, पण मी काकांच्या बाजूची आहे.

जुन्या मशीनमध्ये ९ व्होल्टचा अडॅप्टर असायचा आणि आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर त्याचे ५ व्होल्ट करायचा. उरलेले ४ व्होल्ट नुसती उष्णता. म्हणून तो डबा खालून तापायचा. भिंतीतल्या विजेवर ते चालून जातं, बॅटरीवर परवडत नाही. काकांनी ७८०५ काढून टाकला आणि सेलचे ३.७ व्होल्ट वर नेऊन ५ करणारा एमटी३६०८चा बूस्ट बोर्ड लावला. इथे त्यांनी जे केलं ते मी आजवर दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही. त्या बोर्डवर व्होल्टेज जुळवायला निळा, स्क्रूने फिरणारा प्रीसेट असतो. तो त्यांनी उखडून काढला आणि जागी १६ किलोओहमचा पक्का रेझिस्टर लावला. बाहेरचं व्होल्टेज जिथून तपासते त्या फीडबॅक पिनवर चिप ०.६ व्होल्ट धरून ठेवते, खालचा रेझिस्टर २.२ किलोओहमचा होता, म्हणजे हिशेब ४.९६ व्होल्टचा येतो. मीटरवर जवळपास तेवढेच दिसले.

प्रीसेट का काढला, तर आतला सरकणारा संपर्क खाऱ्या दमटात खराब होतो. तो सुटला की चिपला वाटतं बाहेर व्होल्टेजच नाही, आणि ती वर वर चढवत जाते. ही चिप २८ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. ५ व्होल्टच्या बोर्डचं मग काय होणार ते सांगायला नको. "मीठ कोणाक सोडणा नाय," एवढंच काका म्हणाले आणि काढलेला प्रीसेट मला दाखवायला टेबलावर ठेवला. ते हाताने जे करतात त्यामागचं कारण त्यांना विचारलं की सांगतात, न विचारता बडबडत नाहीत. मला ही पद्धत फार आवडली.

सेलच्या बाबतीतही तेच. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले सेल माझ्याकडे होते, ते त्यांनी हातात घेऊन परत दिले. नवाच घ्यायला लावला, तोही पट्ट्या स्पॉट वेल्ड केलेला. स्प्रिंगवाला होल्डर त्यांना चालत नाही, स्प्रिंग आधी गंजते म्हणून. सेलवर थेट सोल्डर मारणंही नाही, कारण ती उष्णता सेलच्या आत जाते. २६०० मिलिअँपिअर-अवरच्या त्या एका सेलवर गेम, पडदा आणि स्पीकर मिळून ५ व्होल्टला सुमारे ४५० मिलिअँपिअर घेतात. म्हणजे साडेतीन तासांच्या आसपास खेळ. प्रत्यक्षात तेवढाच मिळतो.

पडद्यासाठी गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा टीएफटी, म्हणजे छोटा एलसीडी पडदा, लावलाय. मी ४.३ इंची रुंद पडदा मनात धरला होता. काकांनी साडेतीन इंची दाखवला, कारण या गेमचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं आहे, जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकाराचं. रुंद पडद्यावर ते ताणलं जातं, टँक लठ्ठ दिसतात. साडेतीन इंची पडदा ४:३ असतो, त्यावर चित्र जसंच्या तसं बसतं. असे पडदे गाडीच्या १२ व्होल्टवर चालतात, पण आत तेच १२ व्होल्ट पुन्हा खाली आणलेले असतात. काकांनी मीटर लावून आतला ५ व्होल्टचा बिंदू शोधला आणि तिथेच वीज दिली. आधी १२पर्यंत चढवून पुन्हा ५ करण्याचा दुहेरी तोटा वाचला. पडदा आमच्या मुलाच्या वयाच्या डोळ्यांना पुरेसा आहे, आईला मात्र लहान वाटतो. उन्हात फिका पडतो हेही खरं. १९८९च्या गेम बॉयला पडद्यामागे दिवाच नव्हता, त्यामुळे तो उन्हात उलट जास्त चांगला दिसायचा. आमचा खळ्यात भर दुपारी जवळजवळ दिसत नाही. संध्याकाळी पडवीत मात्र रंग इतके छान उठतात की दादा पहिल्यांदा बघून काही बोललाच नाही, नुसता खेळत बसला.

पेटीवरून थोडी चर्चा झाली. मला थ्रीडी प्रिंट हवा होता, दादाला सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारखी रंगीत लाकडाची. लाकडाला काकांनी एका वाक्यात नकार दिला. "पावसात फुगतला, मगे बटणां अडाकतली." थ्रीडी प्रिंटवर त्यांचं म्हणणं असं की नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडतं, आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलं तर तिथवर जायला वेळ लागत नाही. शेवटी होडीवर जोडण्या झाकायला जी एबीएस प्लास्टिकची, झाकणाला रबरी गॅस्केट असलेली राखाडी जंक्शन बॉक्स वापरतात ती घेतली. ती सुंदर नाही. चार स्क्रू समोरून दिसतात, कोपरे बोटांना थोडे टोचतात. मी नंतर कडा घासून घेतल्या आणि मागे जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, म्हणजे घामाच्या हातातून निसटत नाही. देखणेपणासाठी या दुकानात जाऊ नका, हे स्पष्ट सांगते. पण बॉक्स बंद केल्यावर आत वारा जात नाही, आणि मला त्याचंच मोल आहे.

बंद करण्याआधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, वाळवला, आणि त्यावर पारदर्शक कोटिंगचे दोन हात मारले. होड्यांच्या व्हीएचएफ वायरलेस सेटना ते हेच कोटिंग मारतात. कॅसेटच्या स्लॉटच्या पिना आणि बटणांखालच्या कार्बनच्या जागा टेप लावून वगळल्या, कारण तिथे कोटिंग गेलं तर संपर्कच होणार नाही. स्लॉटला रबरी टोपी आहे, कॅसेट नसेल तेव्हा ती लावून ठेवायची.

कॅसेटबद्दल काकांनी एक ताकीद दिली, ती सगळ्यांसाठी लिहिते. गेम लागला नाही की कॅसेटमध्ये फुंकर मारायची, ही सवय आपल्या पिढीतल्या प्रत्येकाला आहे. फुंकरीने काही साफ होत नाही. कॅसेट काढून परत बसवली की संपर्क नव्याने जुळतो, म्हणून गेम लागतो. फुंकरीबरोबर जाते ती तोंडातली वाफ, आणि तांब्याच्या पिनांवर ओल बसून हिरवा थर चढतो. आमच्या किनाऱ्यावर तर तो लवकरच चढतो. पांढऱ्या खोडरबराने पिना हलक्या हाताने पुसायच्या, मग अल्कोहोलचा कापूस. दादाच्या बंद पडलेल्या कॅसेटींपैकी बहुतेक एवढ्यानेच पुन्हा चालल्या.

या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे दुसऱ्या खेळाडूची सोय. एकट्याने खेळायचं हँडहेल्ड करणं सोपं, पण टँकचा गेम दोघांचा आहे. या गेमच्या रिमोटची रचना फार हुशारीची आहे. आठ बटणं असली तरी तारा पाचच लागतात. वीज, ग्राउंड, आणि तीन सिग्नलच्या. मशीन 'आत्ता बघ' असा इशारा देतं, आतला शिफ्ट रजिस्टर आठही बटणांची स्थिती टिपून घेतो आणि एकामागून एक एकाच तारेतून पाठवतो. त्यामुळे बाहेर पाच पिनांचा एक सॉकेट काढला की झालं. जुना नऊ पिनांचा पत्र्याचा सॉकेट काकांनी बाद केला आणि होडीच्या सेटना लावतात तो गोल, आट्याने घट्ट होणारा जीएक्स१६ लावला. जुन्या दुसऱ्या रिमोटच्या टोकाला त्याचाच जोडीदार. वायर ओढली गेली तरी सुटत नाही, आणि काढल्यावर वर टोपी बसते. आता पेटी माझ्या हातात, रिमोट दादाच्या हातात आणि दोघांच्या मध्ये तो साडेतीन इंची पडदा. डोकी एकमेकांना लागतात, पण गरुड वाचतो.

बदकं मारायची बंदूक मात्र चालत नाही, आणि कोणी चालवून देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला सेन्सर नेमक्या त्या क्षणी तो उजेड शोधतो. हे जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं आहे. एलसीडीला चित्र उमटवायला किंचित उशीर होतो आणि बंदुकीला काहीच दिसत नाही. काकांनी हे काम घेतानाच सांगितलं होतं.

एका गोष्टीत मी काकांशी आजही सहमत नाही. मला हेडफोनचं सॉकेट हवं होतं. रात्री आई झोपते, घर लहान आहे, आणि या गेमचा आवाज भिंतीपलीकडे जातो. काका म्हणाले, "जितकी भोकां, तितकी मिठाक वाट." पण दुसऱ्या रिमोटचा सॉकेट टोपी लावून चालतो तर हेडफोनचाही चालला असता. आवाज कमी करायची चकरी आहे, ती अगदी खाली नेली तरी रात्रीच्या शांततेत ऐकू येतो. स्पीकरही जरा कडक आहे, वरच्या सुरांत कर्कश होतो. पुढे कोणी करून घेणार असेल तर हेडफोनचा आग्रह सोडू नका.

खर्च सांगते. पडदा ११००, सेल ३००, पेटी ३५०, सॉकेटचे दोन जोड २००, चार्जर, बूस्ट, आवाजाचा छोटा बोर्ड आणि स्पीकर मिळून २५०, आणि काकांची मजुरी १५००. एकूण ३७०० रुपये. तयार हँडहेल्ड याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतं, पण ते आतून उघडून दुरुस्त करणारं कोणी मिळत नाही. याचा प्रत्येक भाग सुटा आहे, आणि कुठली तार कुठे जाते त्याची आकृती काकांनी झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने काढून दिली आहे. उद्या सेल बदलायचा झाला तर मी घरीच बदलेन.

जायचं असेल तर वेळ बघून जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जूनच्या सुरुवातीला होड्या वर ओढल्या जातात आणि काकांना थोडी उसंत असते, तेव्हा काम द्यावं. जुलैच्या उत्तरार्धात सगळ्या होड्यांचे सेट एकदम येतात, नारळी पौर्णिमेपर्यंत ते मान वर करत नाहीत, आणि तेव्हा गेम घेऊन गेलात तर होडीचं काम आधी होणार. ते योग्यच आहे, तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो. पक्की तारीख ते देत नाहीत, फोनवर बोलत नाहीत, बिल वहीच्या पानावर लिहून मिळतं. वी किंवा निन्टेंडो ६४सारखी कापाकापीची कामं ते घेत नाहीत.

सोबत मशीन, दोन्ही रिमोट, मूळ अडॅप्टर आणि नक्की चालणारी एक तरी कॅसेट न्या. कॅसेट नसेल तर बोर्ड बिघडलाय की कॅसेट, हे शोधण्यातच त्यांचा अर्धा दिवस जातो. आणि पेटी कुठली हवी ते त्यांच्या कपाटातल्या पेट्या हातात धरून ठरवा. माझ्यापेक्षा एक आकार मोठी घेतलीत तर हेडफोनला जागा आणि दुसऱ्या सेललाही जागा राहील.